आमच्या दारावरची खडूची खूण

प्रश्न चारच असतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का? वजन कमी झालंय का? थुंकीतून रक्त पडतं का?

मी आशाताई आहे, धारूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावात. टीबीच्या तपासणीचे दिवस आले की आम्हाला घरोघर जावं लागतं. दारातूनच विचारून पुढं जायचं नाही. आत जायचं, बसायचं आणि घरातल्या एकेका माणसाला हे चार प्रश्न विचारायचे. प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितलेली आहे: प्रश्न विचारला की थांबायचं. म्हातारी माणसं लगेच सांगत नाहीत. मग वहीत लिहायचं आणि निघताना दारावर खडूनं खूण करायची. खूण केली की ते घर झालं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या तपासणीत शेवटचं घर माझंच होतं. पाय दुखत होते, ऊन उतरत आलं होतं. मी ओट्यावर टेकले, वही मांडीवर घेतली, 'घरातली माणसं: दोन' असं लिहिलं आणि पुढच्या चारही रकान्यांत भराभर 'नाही' लिहून टाकलं. उठून दारावर खूण केली.

आतून माय खोकत होती.

एवढंच सांगायला मला वर्ष लागलं. तुम्ही गोळ्या घेत असाल, किंवा घेतल्यासारखं करत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. औषधांची नावं यात नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील.

माय

घरात आम्ही दोघीच. नवरा म्हणाल तर तो लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दुसरीकडं संसार मांडून बसला आणि त्याबद्दल माझं म्हणणं एवढंच, की बरं झालं. भाऊ दिनकर बीडला कोर्टात कारकून, बायकोमुलांसह तिकडंच असतो. माय माझ्याजवळ राहत होती की मी मायजवळ राहत होते, यावर आमचं वीस वर्षं भांडण चाललं होतं.

मायनं तरुणपणी ऊस तोडला, पुढं चुलीचा धूर खाल्ला आणि दोन्ही वेळा मिसरी लावली. मिसरी पावडरच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असायची. डब्यावरचं चित्र केव्हाच घासून गेलं होतं. ती कायमच खोकायची. पहाटे तिच्या खोकल्यावरच मी उठायचे, घड्याळ लावायची गरज पडायची नाही. त्यामुळं तो खोकला नेमका कधी वाढला हे मला कळलं नाही, किंवा कळूनही मी कळून घेतलं नाही. एकदा म्हटलं, "माय, दवाखान्यात जाऊ."

"तंबाखूचा खोकला हाय गं त्यो," ती म्हणाली. "कावून डाक्टरच्या मागं लागती?"

मी मागं लागले नाही. मला त्या आठवड्यात गरोदर बायांची यादी भरून द्यायची होती. दुसऱ्यांच्या सुना, दुसऱ्यांच्या सासवा, सगळ्यांच्या मागं लागायला मला वेळ होता.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, ती गेली. मी लसीकरणाला गेले होते. परत आले तर बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपलेली, पदराचं टोक मुठीत धरलेलं. लोक म्हणाले, दमा होता. मीही तेच म्हणाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, दिनकर चार दिवस राहून गेला, आणि मग घरात फक्त मी आणि ती बाज.

घर एवढं गप्प असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी भाकरी दोनच्या अंदाजानं करायचे आणि उरलेली बघून चिडायचे. कुणावर, ते विचारू नका.

वजनकाटा

मी वाळत गेले. ब्लाऊज ढगळ झाले, संध्याकाळी अंग गरम लागायचं. बाया म्हणायच्या, "मायच्या दुःखानं वाळली बिचारी." कुणी कालवण आणून द्यायचं, कुणी दही. खरं सांगते, मला ते ऐकायला बरं वाटायचं. निदान दुःख तरी मी नीट करतेय, असं वाटायचं. मी खोकतेय हे मला ऐकू येत होतं, पण कुणाला वाटत नाही की प्रश्न विचारणारीलाच प्रश्न लागू होतात.

उन्हाळा लागला होता. एका गरोदर पोरीचं वजन केलं आणि काटा पिशवीत टाकण्याआधी सहज मीच त्यावर उभी राहिले. एक्केचाळीस. दिवाळीत मी पन्नासच्या पुढं होते. पोरगी म्हणाली, "ताई, काटा बिघडलाय का?" मी म्हटलं, "हो, बिघडलाय." आणि त्याच काट्यावरचं तिचं वजन वहीत लिहून घेतलं.

तालुक्याच्या दवाखान्यात मला सगळे ओळखतात, म्हणून मी एसटीनं बीडला गेले. थुंकीची डबी दिली, छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मृदू बोलत होत्या. टीबी आहे म्हणाल्या. मी मान हलवली. माझ्याच तोंडचं सगळं वाक्यामागून वाक्य त्या मला सांगत होत्या, पूर्ण बरा होतो, सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला खोकला होता?"

"नाही," मी म्हणाले.

"घरी अजून कोण असतं? त्यांची तपासणी करून घ्यावी लागेल."

"कुणी नाही."

त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि तिथं मला माझं अक्षर दिसलं. वहीतले ते चार 'नाही', ओट्यावर बसून लिहिलेले. आत माय खोकत होती आणि मी बाहेर 'नाही' लिहीत होते. माझ्या मायला टीबी होता की दमा, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण तिला विचारलं नव्हतं हे मी सांगू शकते. बाकावर माझ्या शेजारी एक बाई डबा उघडून पोळी खात होती, तिनं मला अर्धी पुढं केली. मी घेतली आणि हातातच धरून बसले.

दिनकरकडं तीन दिवस राहिले. वहिनी वाईट नाही. पण पहिल्याच जेवणाला माझ्या ताटाच्या काठाला नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका होता, पेल्यालाही होता. "ताई, राग नका मानू," ती म्हणाली, "घरात लेकरं हायत." ताटावाटे टीबी पसरत नाही, हे मी आजवर किती घरांत भांडून सांगितलं असेल. तिथं बोलले नाही. मला वाटलं, माझ्यासारखीला हेच पाहिजे. दिनकर खाली बघून जेवत होता. चौथ्या दिवशी सकाळी तो मला स्टँडवर सोडायला आला, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाला, "फोन करत जा." दोघांनाही माहीत होतं की मी करणार नाही.

रिकामी पाकिटं

टीबीच्या गोळ्या रोज कुणाच्या तरी समोर गिळायच्या असतात. गावात ते काम आमचं. आमच्या आरोग्य सहायकांना मी म्हटलं, "सर, माझ्यासमोर मीच बसते की." ते हसले, त्यांचा माझ्यावर विश्वास होता. गावात मी पित्त वाढलंय म्हणून सांगितलं. तोंडाला रुमाल बांधला, उन्हाचा म्हणून.

पहिले दोन महिने मी तीन गोळ्या रोज सकाळी नेमानं घेतल्या. मळमळायचं, तोंड कडू व्हायचं, दिवसभर काहीच गोड लागायचं नाही. दोन महिन्यांनी थुंकी तपासली, जंतू नव्हते. वजन दोन किलोनं वाढलं. मला बरं वाटू लागलं, आणि तिथंच बिघडलं. एका सकाळी गोळ्या तळहातावर घेतल्या आणि समोर मायची बाज दिसली. तिला एक गोळी मिळाली नाही. एक साधी डबी मिळाली नाही थुंकायला. आणि मी इथं बसून बरी होतेय.

त्या तीन गोळ्या मी मायच्या मिसरीच्या डब्यात टाकल्या.

लोक गोळ्या कशा चुकवतात ते मला पाठ आहे. जिभेखाली धरतात, चुलीत टाकतात, कोंबड्यांच्या खुराड्यामागं फेकतात. पण आम्ही रिकामी पाकिटं मागतो, कार्डावर रोजची खूण बघतो. म्हणून मी गोळ्या पाकिटातून काढायचे, डब्यात टाकायचे आणि कार्डावर माझ्याच हातानं बरोबरची खूण करायचे. एक दिवस घ्यायचे, दोन दिवस नाही. कार्ड इतकं देखणं दिसत होतं की सरांनी ते दुसऱ्या आशाताईंना दाखवलं. अर्धवट औषधानं जंतू निर्ढावतात, मग साध्या गोळ्यांना जुमानत नाहीत, हे मी चित्रं दाखवून शिकवते. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला सगळं माहीत होतं.

जीपच्या इंजिनातून

आमच्या गावाच्या फाट्यावर हमीदभाईंचं गॅरेज आहे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. माजलगावहून आलेली काळीपिवळी जीप बॉनेट उघडून उभी होती, उतारू खाली उतरून उभे होते, आणि हमीदभाई कोपरापर्यंत हात इंजिनात घालून काहीतरी ओढत होते.

"अख्खा घाट आवाज येत व्हता म्हनं," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हनतो, पट्टा वाजतोय. बघा पट्टा."

त्यांच्या मुठीत मांजराचं पिल्लू होतं. ऑइलनं काळंकुळकुळीत, मिशा एका बाजूच्या जळालेल्या, एक डोळा पुवानं चिकटलेला. दुसरा डोळा उघडा होता आणि त्यानं ते माझ्याकडं असं बघत होतं जणू मीच ती जीप चालवली होती.

"तुमच्याकडं डोळ्याचं औषध असंल ना, ताई?"

"माणसांचं असतं," मी म्हटलं. "आणि मला मांजरं आवडत न्हाईत."

"मलाबी न्हाई आवडत," हमीदभाई म्हणाले आणि त्यांनी ते माझ्या पिशवीत ठेवलं.

पिशवीत माझी वही होती. घरी येऊन काढलं तर वहीच्या पुठ्ठ्यावर काळे पंजे उठले होते, आणि ते पिल्लू वहीवरच झोपलं होतं. मी कोमट पाणी केलं, भांडी घासायचा साबण घेतला. ओचकारलं, चावलं. तिसऱ्या पाण्याला खाली पांढरं आणि तांबूस मांजर निघालं. पण काळी असताना मी तिला 'डांबरी' म्हणून शिवी दिली होती, तेच नाव राहिलं. टॉवेलात गुंडाळली तर मूठभर. तिचं काळीज माझ्या तळहातावर एवढं जोरात चाललं होतं की मी घाबरले आणि तिला बाजेवर ठेवली. माय गेल्यापासून त्या बाजेवर मी कुणाला बसू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला तालुक्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. आमच्या पुढं दोन शेळ्या आणि एक बैल. डॉक्टर म्हणाले, या महिन्यातलं हे पहिलं मांजर. तिचा डोळा पुसला, थेंब दिले आणि बोट उगारून मला म्हणाले, "दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. बरं दिसलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही. एकही वेळ चुकवायची नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

लाज वाटली म्हणून मी त्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या असं तुम्हाला वाटेल. नाही. डांबरीला तीन वेळा थेंब घालत होते, माझ्याच कार्डाच्या मागच्या बाजूला तिच्या खुणा करत होते. त्या खऱ्या होत्या. पुढच्या बाजूच्या माझ्या होत्या.

पण घरात काहीतरी हलू लागलं होतं. मी कडी काढली की आतून ओरडा सुरू व्हायचा. उशीर झाला तर जास्त ओरडायची. वीस वर्षं हेच काम माय करायची, "कुठं उलथली व्हतीस?" म्हणून. एका दुपारी मी वहिनीकडच्या लाल ठिपक्याच्या ताटासारखंच वेगळं काढलेलं माझं ताट घेऊन जेवायला बसले. घरात दुसरं कोणी नाही, तरी मी ताट वेगळं ठेवत होते, वेगळं घासत होते. डांबरी आली, ताटाच्या काठावर दोन पाय ठेवले आणि माझ्या दूधभाकरीत तोंड घातलं. मी हाकलायला हात उचलला. मग तसाच ठेवला. तिनं एका कडेनं खाल्लं, मी दुसऱ्या कडेनं. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्याबरोबर जेवत होतं. मी रडले, आणि ती खात राहिली. तिला भूक लागली होती.

डबा

हमीदभाईंची बायको शबाना एका सकाळी पिल्लू बघायला आली. शबाना माझी जुनी पेशंट. चार वर्षांपूर्वी तिला टीबी झाला होता आणि सहा महिने रोज सकाळी मी तिच्या घरी जाऊन समोर बसायचे. कडक बसायचे, तसा माझा लौकिक आहे.

मी चहा टाकला. डांबरी बाजेवरून फळीवर चढली, कारण तिथं चढू नको असं मी तिला सांगितलं होतं. फळीच्या टोकाला मायचा डबा होता. आधी पत्र्याचा आवाज आला, मग गारा पडल्यासारखा. झाकण एकीकडं, मिसरीची काळी धूळ एकीकडं, आणि घरभर तांबड्या गोळ्या. डांबरीनं एक पंजानं पुढं ढकलली, नाक लावलं आणि चुलीमागं पळाली.

"खाल्ली का तिनं? शबाना, खाल्ली का?" मी ओरडले. एवढ्याशा जिवाला आमची एक गोळी म्हणजे काय झालं असतं! मी गुडघ्यांवर बसून गोळ्या वेचायला लागले. शबानाही खाली बसली. आम्ही बाजेखालून, पाट्याखालून, उंबऱ्याच्या फटीतून एकेक काढली.

"किती व्हत्या?" तिनं विचारलं.

"त्रेसष्ट."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कुणालाही न विचारता, न अडखळता सांगितलेला आकडा. एकवीस दिवस, रोजच्या तीन. मला तो पाठ होता. आम्ही पुन्हा मोजल्या. बासष्ट झाल्या. मी चुलीमागून डांबरीला ओढून काढलं, तिचं तोंड उघडलं, बोट घातलं, तिनं कडकडून चावलं. इतक्यात शबानानं माझ्या पदराच्या घडीतून त्रेसष्टावी काढली.

"ह्या आपल्या गोळ्या हायत," ती सावकाश म्हणाली. 'आपल्या' म्हणाली. "पित्ताच्या न्हाईत."

मग मी सांगितलं. वहीचं, ओट्याचं, मायच्या खोकल्याचं, कार्डाचं. चहा उतू जाऊन चूल विझली तरी सांगत राहिले. मी थांबल्यावर शबाना म्हणाली, "मीबी फेकल्या व्हत्या. पैल्या महिन्यात, मोरीत. तुमाला कळलं व्हतं."

मला आठवलं. मोरीच्या तोंडाशी तांबडं पाणी दिसलं होतं.

"तुमी कायबी बोलल्या न्हाई. दुसऱ्या दिवशीपासून यिऊन जास्त येळ बसायला लागल्या. मला वाटायचं, गोळी कडू हाय, पण कुणीतरी रोज येतंय. सासरचं कुणी माज्या खोलीत पाऊल टाकत नव्हतं ताई, एक तुमीच यायच्या."

मी चार वर्षं समजत होते की मी तिच्यावर पहारा केला.

"मायला मी विचारलं नाही, शबाना."

"न्हाई विचारलं," ती म्हणाली. तिनं ते खोडून काढलं नाही, त्यासाठी मी तिची आजन्म ऋणी आहे. सगळे म्हणाले असते, तुझी काय चूक. "पर गोळ्या टाकून तिला काय मिळालं? आँ? आज घेतली का?"

"नाही."

तिनं पाकीट शोधलं, तीन गोळ्या काढल्या, पेला भरला, आणि माझ्यापुढं मांडी घालून बसली. "तुमी मला काय म्हनायच्या? आ करा. जीभ वर करा. मंग करा आता आ."

मी आ केला. माझ्या मांडीवर डांबरी चावलेल्या बोटाचं रक्त चाटत होती.

वाट बघणं

तालुक्याच्या डॉक्टरांना मी कार्ड दिलं आणि सगळं खरं सांगितलं. ते चिडले, आणि चिडायलाच पाहिजे होतं. सर तिथंच होते, त्यांनी ते कार्ड हातात घेऊन एकदा बघितलं आणि परत ठेवलं. ते मला जास्त लागलं. जंतू निर्ढावलेत का हे बघायला थुंकी पुन्हा बीडला गेली. निकालाला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस या सगळ्या आजारपणात सगळ्यात एकटे होते. आधी मला जगायचंच नव्हतं, मग भीती कशाची? आता भीती वाटत होती. मी गेले तर हिच्या डोळ्यात थेंब कोण घालणार, असला येडपट विचार यायचा. थेंब तर संपले होते, डोळा स्वच्छ उघडला होता. दिवसभर मी तिच्याशी बोलायचे. ती माझ्या छातीवर येऊन बसायची, नेमकी त्याच जागी, जिथं फोटोत पांढरा डाग होता. खोकला आला की खाली उडी मारायची, रागानं बघायची, आणि परत येऊन बसायची. प्रत्येक वेळी परत यायची. मी बाजेकडं तोंड करून म्हणायचे, "माय, बघ, बसू देत नाही अन् उठू देत नाही. तुझ्यासारखीच हाय."

सहाव्या दिवशी मी दिनकरला फोन केला. ओट्यावर बसून लिहिल्याचं त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी दिवाळीला आलो तव्हा मीबी ऐकला व्हता खोकला. मीबी न्हाई विचारलं." त्या रविवारी तो आला, वहिनीलाही घेऊन आला. जेवायला बसलो तेव्हा वहिनीनं स्वतः ताटं मांडली, आणि माझं कोणतं हे मला ओळखता आलं नाही.

जंतू निर्ढावलेले नव्हते. नशीब म्हणा. मी दुसऱ्या कुणाला यावर अवलंबून राहा म्हणणार नाही. बुडालेल्या दिवसांएवढे औषधाचे दिवस वाढले. शबाना रोज सकाळी येते. कधी तिला उशीर झाला तर डांबरी दारात जाऊन बसते. तिला माझ्या गोळ्यांचं काही नाही, शबाना येताना वाटीत दूध आणते.

वही

या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तपासणी आली. माझ्या गोळ्यांचं शेवटचं पाकीट चालू होतं. सर म्हणाले, जमत नसेल तर राहू दे. मी म्हटलं, जमतं.

वरच्या आळीला सरूबाईच्या घरी मी आत जाऊन बसले. चौघांना विचारलं. मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

"सासू हाय," सरूबाई म्हणाली. "तंबाखूचा खोकला हाय तिचा. लिवा न्हाई म्हनून."

मी पेन खाली ठेवलं. तोंडावरचा रुमाल काढला, आता काढला तरी चालत होता. "सरूबाई," मी म्हटलं, "मीबी असंच लिवलं व्हतं. माज्या मायच्या नावापुढं. ती खोकत व्हती अन् मी बाहिर बसून न्हाई लिवलं. ती गेली. नंतर मला टीबी निघाला, अजून गोळ्या चालू हायत. पित्त न्हाई व्हतं ते."

गावात पहिल्यांदाच मी हे मोठ्यानं बोलले. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडं झालं असणार, आणि झालं होतं. दोन घरांनी दुसऱ्या दिवशी मला ओट्यावरच थांबवलं. त्यांचंही मी लिहून घेतलं. पण सरूबाई उठली, मागच्या खोलीत गेली आणि म्हातारीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. मी विचारलं आणि थांबले. म्हातारी पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "पोळ्यापासून हाय." तिची डबी मी स्वतः तालुक्याला नेली. निकाल काय आला तो तिचा तिच्याजवळ.

शेवटचं घर माझंच.

ओट्यावर मी बसले नाही. कडी वाजवली. आतून डांबरी ओरडली. मी आत गेले, चपला काढल्या, बाजेशेजारी खाली बसले आणि वही उघडली. घरातली माणसं: एक. खोकला, नाही. ताप, नाही. वजन कमी, नाही, त्रेपन्न आहे. रक्त, नाही. पुढच्या रकान्यात, 'औषध चालू', तिथं 'होय' लिहिलं.

मग वही मिटली आणि बाजेकडं वळले. डांबरी मायच्या जागेवर, भिंतीकडं तोंड करून झोपायच्या तयारीत होती.

"माय," मी विचारलं, "खोकला किती दिवसांपासून हाय?"

प्रश्न विचारून मी थांबले. म्हातारी माणसं लगेच सांगत नाहीत. बाहेर कुणाच्या तरी शेळ्या घरी परतत होत्या, चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. डांबरी उठली, बाजेवरून उतरली, माझ्या मांडीत येऊन बसली. मी घाई केली नाही. जेवढं थांबायला पाहिजे होतं तेवढं थांबले.

मग उठले, बाहेर आले आणि दारावर खडूनं खूण केली.

हे घर झालं.